दाढेपेक्षा दवाखान्याचीच भीती जास्त वाटत असेल तर

कर्नाटकात बेळगावकडच्या खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या बऱ्याच घरांत दाढ ठणकायला लागली की आधी लवंग, मग मशेरी, मग मेडिकलमधली गोळी, आणि गाल सुजल्यावर दवाखाना. भीती इथेच तयार होते. पू झालेल्या जागी आम्लता वाढलेली असते, त्यामुळे भुलेचं औषध नसेत पुरेसं शिरत नाही. भूल अर्धवट चढते आणि दाढ काढताना कळ मस्तकात जाते. त्यानंतर औषधाचा वास, मशिनचा आवाज, डोक्यावरचा दिवा यातलं काहीही समोर आलं तरी छाती धडधडते. माणूस वर्षानुवर्षं दवाखाना टाळतो, दात आतून किडत जातो, आणि पुन्हा सूज घेऊनच जावं लागतं.

म्हणून पहिली भेट काही दुखत नसताना घ्या. फोनवरच सांगा, "आज फक्त तपासून घ्यायचं आहे, काही करायचं नाही." दुसऱ्या भेटीत नुसती सफाई, तिसऱ्या भेटीत एखाद्या दातातली छोटी कीड भरून घ्या. दोन भेटींत एक-दोन आठवड्यांपेक्षा जास्त अंतर नको, नाहीतर मिळवलेला धीर ओसरतो.

जाण्याआधी कागदावर लिहा: नेमकं कशाचं भय आहे? सुई, मशिनचा आवाज, घशाशी उमळणं, उताणं पडणं, की मागच्या वेळी कोणी ओरडलं होतं ते? प्रत्येकाचा उपाय वेगळा असतो. "मला भीती वाटते" एवढंच सांगितलं तर डॉक्टर "काही होत नाही" एवढंच म्हणतात.

सुईचं भय असेल तर आधी हिरडी कोरडी करून बधिर करणारी जेल लावायला सांगा आणि एक-दोन मिनिटं थांबा. इंजेक्शन सावकाश द्यायला सांगा; बहुतेक दुखणं औषध भराभर ढकलल्यामुळे होतं. बऱ्याचदा औषधात अ‍ॅड्रेनलिन (भूल जास्त वेळ टिकवणारं द्रव्य) असतं, म्हणून नंतर काही मिनिटं हृदय जोरात धडधडू शकतं. हे आधी माहीत नसलं की लोकांना वाटतं, आता काहीतरी होणार. बीपी किंवा हृदयाचा आजार असेल तर ते आधीच सांगायचं. भूल चढली का ते डॉक्टरांनी टोकदार हत्याराने तपासल्याशिवाय काम सुरू करू देऊ नका. खालच्या दाढेला वेळ जास्त लागतो, घाई नको. सूज असेल तर आधी पू काढून औषधं घेऊन नंतर दाढ काढता येईल का, तेही विचारा.

थांबण्याची खूण ठरवा: डावा हात वर केला की सगळं थांबलं पाहिजे. काम सुरू होण्याआधी एकदा हात वर करून बघा, खरंच थांबतात का. हा उपाय आम्हांला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण मागच्या अनुभवात दुखण्याइतकंच "मला कोणी ऐकलं नाही" हेही मनात घर करून बसलेलं असतं. बेळगावच्या डेंटल कॉलेजात शिकणारी मुलं परगावची असू शकतात, मराठी कळेलच असं नाही. 'नोवु' म्हणजे दुखणं आणि 'निल्लिसी' म्हणजे थांबा, हे दोन कन्नड शब्द ध्यानात ठेवा. तोंडात कापूस असला तर हाताची खूणच कामाला येते.

रक्त किंवा सुई बघून चक्कर येणाऱ्यांनी उपाशी जाऊ नये. खुर्चीत दंड, मांड्या आणि पोट दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळा, सोडा, पुन्हा आवळा. इथे अंग सैल सोडून उपयोग नाही, कारण चक्कर रक्तदाब खाली आल्यामुळे येते.

लहान मुलांना "गप बस, नाहीतर डॉक्टर सुई टोचतील" असं कधीच म्हणू नका. "अजिबात दुखणार नाही" असंही नको. दुखलं की पुढच्या वेळी मूल कोणावरच विश्वास ठेवत नाही. "थोडं चिमटल्यासारखं होईल, मग ओठ जाड वाटेल" असं खरं सांगा. भूल उतरेपर्यंत त्याला ओठ चावू देऊ नका, ती जखम कधी कधी दाढेपेक्षा जास्त दिवस दुखते.