लोहाची गोळी आणि सकाळचा चहा

दवाखान्यातून मिळालेली लोहाची लाल गोळी आपल्या साताऱ्याकडं बऱ्याच बायका सकाळच्या चहाबरोबरच गिळतात. मग ती लागू पडायची कशी? चहातलं टॅनिन लोह नीट शोषू देत नाही. दोन्हींत दीड-दोन तास जाऊ द्या. गोळी लिंबूपाण्याबरोबर घेतली तर उत्तमच. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. मळमळलं तर जेवणानंतर घ्या. शौचाला काळं होतं, त्याला घाबरू नका, ते लोहामुळंच.

कोरेगावच्या घेवड्याच्या उसळीवर लिंबू जरूर पिळा, पण नुसत्या गूळ-शेंगदाण्यावर हिमोग्लोबिन ८ चं १२ होत नाही, गोळी लागतेच. आकडा सुधारला तरी शरीरातला लोहाचा साठा भरायला साधारण ३ महिने डॉक्टर ती चालू ठेवायला सांगतात. शाकाहारी असाल आणि हातापायांना मुंग्या येत असतील, तर बी-१२ जीवनसत्त्वही तपासून घ्या.