सुरगाण्याची स्ट्रॉबेरी सापुतारा-सुरतला विकायची तर

सुरगाणा तालुक्यातल्या बोरगाव-हातगड पट्ट्यातली स्ट्रॉबेरी साधारण डिसेंबर ते मार्च निघते. तिला गिऱ्हाईक तीन ठिकाणी: सापुताऱ्याच्या रस्त्यावर, नाशकात आणि सीमेपलीकडे सुरतेत. सापुताऱ्याहून नाशिक सुमारे ८० किलोमीटर, सुरत सुमारे १६०. फळ तेच, पण रस्त्यावरच्या गिऱ्हाइकासाठी तोडलेला माल सुरतेला टिकत नाही आणि सुरतेसाठी तोडलेला रस्त्यावर डोळ्यात भरत नाही. म्हणून माल कुठे जाणार हे बांधावरच ठरवा, मगच फळाला हात लावा.

रस्त्यावर विकायचं फळ पूर्ण लाल झाल्यावर तोडा. सुरतेसाठी चारातले तीन भाग लाल, देठाकडे थोडी पांढरट कड राहिलेलं घ्या. त्याहून कच्चं मात्र नको. तोडल्यावर स्ट्रॉबेरीचा रंग चढतो, गोडी चढत नाही. पेटी उघडल्यावर लाल दिसलेलं फळ तोंडात आंबट लागलं की व्यापारी पुढच्या खेपेला भाव पाडतो, आणि तो पाडणारच.

सकाळी दव सुकल्याशिवाय तोडणी सुरू करू नका. ओलं फळ डबीत गेलं की दुसऱ्या दिवशी करडी बुरशी दिसते आणि एका फळामुळे अख्खी डबी जाते. फळ धरून ओढू नका. अंगठ्याच्या नखाने देठ खुडा, हिरवी टोपी आणि साधारण एक सेंटिमीटर देठ फळाला राहू द्या. टोपी निघाली की त्याच जागेवरून पाणी सुटतं. रात्रीच्या गाडीचा माल उन्हं उतरल्यावर तोडा. तोडलेलं फळ लगेच बंद न करता घरात किंवा मांडवाखाली एकेरी थरात तासभर पसरा. अंगात ऊन घेऊन डबीत गेलेलं फळ आतून घामेजतं. धुणं तर अजिबात नको.

पाव किलोची प्लास्टिक डबी, दोनच थर, अशा आठ डब्यांची दोन किलोची पेटी. रात्रभरात फळाचं वजन थोडं उतरतं, म्हणून डबीत २५५ ते २६० ग्रॅम भरा. रिकामी डबी आधी काट्यावर ठेवून बारदान वजा करा, नाहीतर सुरतेत प्रत्येक डबी कमी भरते आणि कपात अख्ख्या खेपेवर लागते. वर मोठं आणि खाली बारीक असं कधीच भरू नका. मोठं, मध्यम आणि बारीक यांच्या पेट्या वेगळ्या लावा. बारीक माल घरी जॅमला ठेवा किंवा रस्त्यावर सुटा विका. पिकअपमध्ये पेट्या एकमेकींना घट्ट टेकवून लावा. घाटाच्या वळणांवर पेटी सरकली की तळाचा थर दबलाच. ताडपत्री बांधा, पण मागून वारा खेळेल एवढी जागा सोडा.

आता भाव. याच गाडीत कारली, टोमॅटो किंवा नागलीही (नाचणी) जात असेल तर इथेच सगळ्यात जास्त पैसे बुडतात. आपल्या बाजार समितीत भाव क्विंटलचा, आणि घरातल्या जुन्या माणसांच्या तोंडी मण म्हणजे चाळीस शेर. गुजरातेत मण म्हणजे २० किलो. ‘मणाला ६००’ म्हणजे किलोला ३० रुपये, १५-१६ नव्हे. क्विंटलचा भाव काढायचा तर त्यांच्या मणाच्या भावाला पाचने गुणा. फोनवर आधी माप विचारा, मग भाव: ‘किलोनो के मणनो?’ स्ट्रॉबेरीला ‘पेटीनो के किलोनो?’ हेही विचारून घ्या.

दुसरा घोटाळा ‘काले’ या शब्दाचा. आपला काल म्हणजे होऊन गेलेला दिवस. गुजरातीत ‘काले’ दोन्हीकडे चालतं, ‘काले पैसा आपीश’ म्हणजे उद्या देईन. तारीखच बोलून घ्या. चिठ्ठीवर गुजराती आकडे असले तर पाचाचा आकडा आपल्या ‘प’सारखा दिसतो, तो अक्षर समजू नका. कोकणा आदिवासी माणसांची सोयरीक हद्दीच्या दोन्ही बाजूंना असते, डांगी बोली दोन्हीकडे चालते. तिकडचा पाव्हणा मध्ये असला तर बोलणं सोपं जातं. तरीही पेट्यांचा आकडा, माप, भाव, भाडं, हमाली आणि आडत (व्यापाऱ्याची दलाली) कोण भरणार, हे कागदावर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून मागा. पट्टी (विक्रीच्या हिशेबाचा कागद) हातात आली की ती या मजकुराशी लावून पाहा.

सण बघूनच तोडणीचा अंदाज बांधा. उत्तरायण तिकडचा मोठा सण, १४ आणि १५ जानेवारीला माणूस गच्चीवर असतो, म्हणून त्याआधी दोन दिवस सुरतेचा माल कमी करा. सापुताऱ्याला मात्र नाताळ आणि शनिवार-रविवार गर्दीचे, ते दिवस पूर्ण लाल माल रस्त्यावर हवाच. होळीच्या आसपास डांग जिल्ह्याच्या ठिकाणी, आहव्याला, डांग दरबाराची जत्रा भरते आणि इकडेही शिमगा असतो, तेव्हा तोडणीला मजूर मिळत नाहीत. त्या आठवड्याची माणसं आधीच बोलून ठेवा. नागली सुगीनंतर लगेच पाठवायची असेल तर दिवाळीपासून लाभपंचमीपर्यंत थांबा, तिकडची बरीच दुकानं त्या दिवशी उघडतात.

ताज्या फळाला जीएसटी नाही, ई-वे बिलही लागत नाही. तरी माल कुणाचा, किती पेट्या आणि कुठे चालला याची चिठ्ठी ड्रायव्हरकडे असू द्या, नाक्यावर वेळ वाचतो. गाडीच्या आरसीवर एकूण वजन ३००० किलोच्या वर असेल तर परराज्यात जायचं परमिट बघा. विमा आणि पीयूसी चालू हवेत. गुजरातेत दारूबंदी आहे, सापुताऱ्याच्या नाक्यावर गाडी तपासतात. ड्रायव्हरच्या सीटखाली एक बाटली सापडली तर गाडी अडकते आणि मागची स्ट्रॉबेरी उन्हात सडते. निघण्याआधी गाडी स्वतः बघून घ्या.