तोंडी हुकूम आणि दोन ओळींची मेल

हिंजवडीतल्या एका बड्या कंपनीत मी 11 वर्षं काढली. त्यातली चार अशा साहेबांखाली, जे सकाळी एक सांगायचे आणि क्लायंटसमोर भलतंच. अशा माणसाशी वाद घालत बसू नका. ते जागेवरून हलले की लगेच मेल टाका: "आत्ता बोलल्याप्रमाणे रिपोर्टचं काम आधी घेतो, टेस्टिंग सोमवारी. वेगळं काही असेल तर कळवा." उत्तर बहुतेक येतच नाही. न येऊ दे, मेल राहते.

नवं काम अंगावर आलं तर हातातली यादी दाखवून विचारा, "सर, यातलं कुठलं मागे ठेवू?" आमच्या साहेबांना हा प्रश्न अजिबात आवडायचा नाही, पण दोनदा तरी त्यांनी काम परत नेलं.

दर शुक्रवारी घरच्या वहीत केलेली कामं तारखेसह लिहा. अप्रेझलला जूनमधलं कुणाला आठवतंय? कंपनीच्या फायली मात्र स्वतःच्या जीमेलवर पाठवू नका, त्यावरून नोकरी जाऊ शकते.

एचआर? चहापुरतं ठीक. त्यापेक्षा दुसऱ्या प्रोजेक्टात बदली मिळते का बघा. आणि बाहेरची ऑफर लेखी हातात पडेपर्यंत राजीनाम्याचा विषय कॅन्टीनमध्येसुद्धा काढू नका.