जर्मन वाचता येतं, पण ऐकलेलं कळत नाही: उपयोगी पडलेला उपाय

लक्षण असं: बी१ (मध्यम) पातळीचा मजकूर वाचून समजतो, पण तोच कुणी बोललं की दुसऱ्या वाक्यालाच धागा सुटतो. फार चीड येते याची.

सबटायटल लावून मालिका पाहणं (सगळं काम डोळेच करतात), कामं करताना पॉडकास्ट लावून ठेवणं, शब्दांची कार्डं वाढवणं, यांनी फरक पडला नाही.

फरक पडला श्रुतलेखनाने. डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेच्या संकेतस्थळावर सावकाश वाचलेल्या बातम्या आणि त्यांचा मजकूर मोफत मिळतो. एका वेळी एकच बातमी घ्या. आधी मजकूर न पाहता दोनदा ऐका. मग संगणकावरच्या व्हीएलसी या प्लेअरमध्ये 'अ‍ॅडव्हान्स्ड कंट्रोल्स' चालू करून ए-बी बटणाने एकेक वाक्य फिरतं ठेवा आणि हाताने लिहा. पाचदा ऐकूनही न कळलेली जागा रिकामी सोडा. त्यानंतरच मजकूर उघडून ताडून पाहा.

आता महत्त्वाचं. माहीत असूनही ऐकू न आलेले शब्द वेगळ्या पानावर काढा, ऐकू येतो तसा उच्चार देवनागरीत लिहून. पाणी या अर्थाचा शब्द मनात 'वासेर' असतो, कानावर 'वासा' पडतो. 'हाबेन'चं 'हाब्म' होतं, 'टाग'चं 'टाक'. अडचण बहुतेकदा शब्दाच्या शेवटीच असते, शब्दसंग्रहात नाही.

शेवटी तेच वाक्य आवाजाबरोबर मोठ्याने म्हणा. मग व्हीएलसीत ']' ही कळ दाबून वेग १.२ करा. त्या वेगाला अडखळलात तर पुन्हा १.० वर या, पुढची बातमी घेऊ नका.