किनाऱ्यावरचं घर, बोर्डावर ‘किनार्यावर’: फॉन्ट बदलण्याआधी काय तपासाल

मालवणातला न्याहारी-निवासाचा बोर्ड असो, हापूसच्या पेटीवरचं लेबल असो की चतुर्थीचा फ्लेक्स. मराठी मोडली की दोष फॉन्टला लागतो. बऱ्याचदा फॉन्टचा काही संबंधच नसतो. टाइप केलेला मजकूर, फॉन्टची निवड, अक्षरांची जुळणी आणि पडद्यावर रंगवणं, अशा चार टप्प्यांतून अक्षर जातं. बिघाड कसा दिसतोय त्यावरून टप्पा ओळखता येतो.

‘किनार्यावर’ असा रफार दिसला तर चूक टायपिंगची. र, हलन्त, य असं टाइप केलं की रफारच येणार. दर्याला तो हवा, दऱ्यांना नको. ‘ऱ्य’साठी इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्ड-मांडणीवर शिफ्टसह जे दाबा (ऱ), मग डी (हलन्त), मग स्लॅश (य). काही कीबोर्ड साध्या र आणि हलन्तापुढे झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं चिन्ह टाकतात. आकार तोच दिसतो, पण आतले कोड वेगळे, त्यामुळे एका पद्धतीने लिहिलेलं नाव दुसऱ्या पद्धतीने शोधलं तर सापडेलच असं नाही. गिऱ्हाइकांच्या यादीत एकच पद्धत ठेवा.

मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतोय? फाइल युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतःचा कोड देणाऱ्या आजच्या पद्धतीच्या, आधीच्या फॉन्टमधली आहे. तिच्यात देवनागरी नसतेच. इंग्रजी कोडांवर मराठी आकार चिकटवलेले असतात. मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा कन्व्हर्टर वापरा आणि नंतर रफार, वेलांट्या स्वतः वाचून काढा. गडबड तिथेच होते.

रिकामे चौकोन आले तर फॉन्टमध्ये ते अक्षर नाही आणि सिस्टिमला पर्यायही मिळालेला नाही. इथे मात्र फॉन्टच बघायचा. विंडोज १० मध्ये निर्मला यूआय हा फॉन्ट असतो, पण मंगल हा फॉन्ट ‘ऑप्शनल फीचर्स’मधून घ्यावा लागतो, तो नसला की त्यात केलेल्या जुन्या पत्रकाच्या ओळी सरकतात. लिबरऑफिसमध्ये मराठीचा फॉन्ट ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’खाली वेगळा ठरतो. वरचा वेस्टर्न फॉन्ट कितीही बदला, मराठी जागची हलत नाही.

सगळ्यात जास्त छळते ती जुळणी. ‘कि’मध्ये आधी क आणि मग वेलांटी साठवलेली असते, तिला डावीकडे आणण्याचं काम जुळणीचं. लिनक्सवर आणि लिबरऑफिसमध्ये हे हार्फबझ नावाचं सॉफ्टवेअर करतं. वेलांटी उजवीकडेच राहिली किंवा जोडाक्षराखाली हलन्ताचा पाय लटकला, तर तोच मजकूर ब्राउझरमध्ये चिकटवून बघा. तिथे नीट दिसला तर डिझाइनच्या सॉफ्टवेअरची सेटिंग चुकली आहे. इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोझर निवडा. ठिपक्यांचं वर्तुळ दिसलं तर मात्रेला व्यंजन मिळालेलं नाही. मध्ये स्पेस पडली असेल किंवा मात्रा दोनदा दाबली गेली असेल.

शिरोरेषा तुटली तर अक्षरांमधलं अंतर शून्यावर आणा.

प्रेसला फॉन्ट एम्बेड केलेली, म्हणजे फॉन्ट आतच जोडलेली, पीडीएफ द्या. ते कर्व्हज, म्हणजे अक्षरांऐवजी नुसते आकार, मागतील तर प्रूफ वाचूनच करा, मूळ फाइल मात्र जपा. कर्व्हजमध्ये वेलांटी सुधारता येत नाही.