अंगावरचं सोडवताना: आईची तयारी

घरात बाळाचं अंगावरचं तोडायचं ठरलं की सगळी तयारी बाळाची होते. रात्री कोण थोपटणार, वाटीने दूध पिईल का, कडुनिंबाचा पाला कुठून आणायचा. आईच्या छातीचं काय होणार हे कुणी विचारत नाही. तिसऱ्या दिवशी ती दगडासारखी होते, हात वर करता येत नाही, मग धावाधाव सुरू. म्हणून ही यादी फक्त आईची.

पहिलं काम कॅलेंडर काढण्याचं. दूध मागणीवर तयार होतं. छातीत साठून राहिलं की शरीर बनवणं कमी करतं, पण त्याला दिवस द्यावे लागतात. एक वेळचं पाजणं बंद केलं की पुढचं बंद करायला तीन-चार दिवस तरी थांबा. छाती लवकर भरून येत असेल तर आठवडा घ्या. दिवसाला पाच वेळा पाजत असाल तर तीन-चार आठवडे हाताशी हवेत. त्या आठवड्यांत घरचं लग्न, गावचा प्रवास, नव्या पाळणाघराचा पहिला दिवस असलं काही ठेवू नका. दुपारचं पाजणं आधी सोडवा, तेव्हा बाळ खेळात रमतं. झोपतानाचं आणि पहाटेचं शेवटी. बाळाला ताप किंवा जुलाब असतील तर बेत सरळ पुढे ढकला. बाळ वर्षाच्या आतलं असेल तर अंगावरच्या दुधाची जागा गाईम्हशीचं दूध घेऊ शकत नाही, त्यामुळे बालरोगतज्ज्ञांशी बोलूनच सुरुवात करा. ‘आता तुझ्या दुधात काही सत्त्व उरलं नाही’ असं शेजारच्या काकूंनी म्हटलं, एवढ्यावरून तर घाई अजिबात नको. जागतिक आरोग्य संघटना दोन वर्षं आणि त्यापुढेही पाजायला सांगते.

घरातल्या मोठ्यांशी आधीच बोलून ठेवा. कडुनिंब, काळा बोळ, मिरचीपूड स्तनाग्राला लावायचा सल्ला येणारच. सासूबाई वाईट हेतूने सांगत नाहीत, त्यांच्या वेळी हेच केलं होतं. पण मिरचीने बाळाचं तोंड आणि आपली कातडी दोन्ही पोळतात, काळा बोळ म्हणजे कोरफडीचा वाळवलेला चीक, तो पोटात गेला की जुलाब होतात. आणि हे सगळे उपाय ज्यासाठी नावाजले जातात, की बाळ एका रात्रीत तोंड फिरवतं, तेच छातीला सगळ्यात महागात पडतं.

स्वयंपाकघरात फारसं काम नाही. अळिवाची खीर, मेथीचे आणि डिंकाचे लाडू, शतावरी कल्प असं दूध वाढावं म्हणून जे चालू असेल ते थांबवा. पाणी मात्र तहान लागेल तेवढं प्या. पाणी तोडून दूध आटत नाही, फक्त डोकं दुखतं.

कपाटात दोन-तीन ब्रा अशा हव्यात की ज्यांत तार नाही, नीट आधार आहे आणि छाती फुगली तरी काचत नाहीत. रात्रीही घालूनच झोपा. ओढणीने किंवा पंचाने छाती करकचून बांधायची जुनी रीत सोडून द्या; त्याने दुखणं वाढतं आणि दूध अडकून गाठी होतात. जुन्या सुती साडीच्या चौकोनी घड्या करून ठेवल्या की गळणारं दूध टिपायला विकतचे पॅड लागत नाहीत. ऑफिसला जाणाऱ्यांनी ड्रॉवरमध्ये गडद, छापील रंगाचा एक जादा कुर्ता ठेवावा. बाळ 15 महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी दिवसातून दोन वेळा सुटी कायद्याने दिलेली आहे. छाती हलकी करायलाही ती वेळ वापरता येईल का, हे आधीच विचारून ठेवा.

फ्रीजरमध्ये बर्फाची पिशवी ठेवा, नसली तर मटारची चालते. कापडात गुंडाळून एका वेळी दहा-पंधरा मिनिटं लावा. कोबीची गार पानं ब्रामध्ये ठेवायचा सल्लाही मिळेल. त्यांचा वेगळा औषधी गुण पक्का सिद्ध झालेला नाही, पण गार लागतात, बरं वाटतं, आणि उरलेल्या गड्ड्याची भाजी होते. दक्षिण भारतात मोगऱ्याची फुलं छातीला बांधतात. 1988 साली त्यावर एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला होता आणि दूध आटण्याच्या बाबतीत फुलं गोळीच्या बरोबरीने उतरली होती. पण त्या बायका नुकत्याच बाळंत झालेल्या होत्या, दीड वर्ष पाजलेल्या नव्हत्या. गरम शेकाची हौस आवरा. दूध काढण्याआधी मिनिट-दोन मिनिटं कोमट फडकं ठीक, तासभर शेकलं तर सूज वाढते.

आता मुख्य गोष्ट, आणि ही बेत सुरू व्हायच्या आधीच शिकून घ्या: हाताने दूध काढणं. हात धुवा, किंचित पुढे वाका, काळ्या भागाच्या थोडं मागे अंगठा एका बाजूला आणि बोटं दुसऱ्या बाजूला ठेवा, आधी छातीच्या दिशेने मागे दाबा, मग बोटं एकमेकांकडे आणा, सोडा. स्तनाग्र ओढायचं नाही. ताण गेला असं वाटलं त्या क्षणी थांबा. छाती हलकी करायची आहे, रिकामी नाही. पूर्ण रिकामी केलीत तर शरीर समजतं की बाळाला हवंय, आणि दुसऱ्या दिवशी तेवढंच भरून देतं. त्यामुळे पंप असला तरी तो जरा लांबच ठेवलेला बरा. एकदा सुरू केला की ‘अजून थोडं’ होतंच. मालिशवाल्या मावशींना गाठी जोर लावून फोडू देऊ नका. काखेच्या दिशेने हलका हात फिरवणं पुरेसं आहे.

दुखण्यासाठी पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन यातली कुठली गोळी चालेल हे डॉक्टरांना आधीच विचारून घ्या. पोटात व्रण, दमा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आयबुप्रोफेन नको. दूध आटवायची गोळी मेडिकलमधून परस्पर आणू नका. रक्तदाब, हृदयविकार, मानसिक आजार असेल तर ती त्रासदायक ठरू शकते.

थर्मामीटरही आणून ठेवा. ताप 101च्या वर, थंडी वाजणं, छातीवर लाल-गरम चट्टा, हात लावू न देणारं दुखणं असं दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना. अशा वेळी घाबरून पाजणं एकदम तोडू नका, दूध निघत राहायला हवं, आणि बाळाला ते पाजलं तरी चालतं. ताप नसलेली पण आठवड्याभरात न विरघळलेली गाठ, किंवा रक्त मिसळलेला स्राव, हेही दाखवायचंच.

मनाची तयारी यादीत कुणी लिहीत नाही. हार्मोन्स उतरतात तसं काही दिवस उगाच रडू येतं, चिडचिड होते. नवऱ्याला हे आधी सांगून ठेवा आणि रात्री बाळाला त्याच्याकडे झोपवा. दुधाचा वास नाकाशी असला की बाळ मागणारच. उदासी दोन आठवड्यांपुढे गेली तर डॉक्टरांशी बोला. पाळी यायच्या आधीही दिवस राहू शकतात, त्यामुळे गर्भनिरोधकाचं बोलणंही याच भेटीत उरकून घ्या.

शेवटचं पाजून झाल्यावरही कित्येक आठवडे, काहींना महिनोन्‌महिने, थेंब-दोन थेंब येत राहतात. संपलं का हे बघायला रोज दाबून पाहू नका. दोन्ही बाजू काही काळ लहान-मोठ्या दिसू शकतात, म्हणून नव्या मापाच्या ब्रांची खरेदी दोन-तीन महिने लांबवा.