ग्रामसभेत म्हणणे पटवून देताना: भाषणाची आखणी आणि मांडणी

लोकांना एखादी गोष्ट पटवून देण्यासाठी भाषण करायचे असेल, तर त्याची आखणी शेवटच्या वाक्यापासून सुरू करावी. भाषण संपल्यावर श्रोत्यांनी नेमके काय करावे, हे एका वाक्यात लिहिता येत नसेल, तर भाषण अजून तयार नाही असे समजावे. मराठवाड्यातील एखाद्या गावात २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत, रब्बीच्या पेरणीआधी गावाने पाण्याचा ताळेबंद, म्हणजे पाणी किती आहे आणि पिकांना किती लागेल याचा हिशेब, मांडावा, हे पटवायचे आहे असे धरू. ‘पाणी जपले पाहिजे’ याला कोणीच विरोध करत नाही आणि म्हणूनच त्यातून काही घडतही नाही. त्याऐवजी ‘प्रत्येक खातेदाराने येत्या पंधरा दिवसांत आपल्या विहिरीची किंवा बोअरची पाणीपातळी आणि रब्बीत घ्यायचे पीक यांची नोंद ग्रामपंचायतीकडे करावी’ असे वाक्य लिहिले, की कोण अडणार आणि का अडणार, हेही दिसू लागते.

यानंतर मुद्दे सुचण्याआधीच आक्षेप लिहून काढावेत, आणि तेही आक्षेप घेणाऱ्याच्या भाषेत. ‘बोअर माझे, वीजबिल माझे, मग पीक गावाने का ठरवायचे?’ हा एक. ‘उसाचे बिल कारखान्याकडून येते, हरभऱ्याच्या भावाची हमी कोण घेणार?’ हा दुसरा, आणि माझ्या मते खरा आक्षेप हाच आहे. हमीभाव जाहीर झाला तरी प्रत्यक्ष खरेदी वेळेवर होतेच असे नाही, हे समोरच्या प्रत्येकाला ठाऊक असते. ते नाकारणाऱ्या वक्त्यावर पुढे कोणी विश्वास ठेवत नाही. तेव्हा तो आक्षेप आपणच मांडावा, त्यातील खरा भाग मान्य करावा आणि आपली मागणी ऊस मोडण्याची नसून नव्या लागवडीआधी पाणी मोजण्याची आहे, हे स्पष्ट करावे. ॲरिस्टॉटलने पटवून देण्याची तीन साधने सांगितली: वक्त्याची विश्वासार्हता, श्रोत्यांची भावना आणि युक्तिवाद. गावात यांपैकी पहिल्याची परीक्षा सर्वांत आधी होते. आपल्या स्वतःच्या शेतात पाटपाण्यावरचा ऊस असेल, तर लोकांनी तो विषय काढण्याआधी आपणच ते सांगून टाकलेले बरे.

पुराव्यांची निवड हा भाषणाचा सर्वांत कष्टाचा भाग आहे. मोठे आकडे ऐकताना डोक्यावरून जातात; श्रोत्याच्या शेतात बसेल असे त्यांचे रूपांतर करावे लागते. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर, म्हणजेच एका एकरावर सुमारे चार हजार लिटर पाणी. पाटाने उसाला एक पाणी देताना साधारण ७५ ते १०० मिलिमीटर पाणी लागते असे धरले, तर एका एकराच्या एका पाळीला तीन ते चार लाख लिटर लागतात. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा पहिल्या गाडीच्या दहा वाघिणींत मिळून सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. ती गाडी आपल्याकडे सगळ्यांच्या लक्षात आहे. पण तिच्यातून आलेले पाणी एक एकर उसाच्या दीड पाळीलाही जेमतेम पुरले असते, हा हिशेब सहसा कोणी केलेला नसतो. असा एक हिशेब सावकाश, टप्प्याटप्प्याने सांगावा आणि त्यानंतर क्षणभर थांबावे. त्याच्या जोडीला आपल्या महसूल मंडळातील यंदाचा पाऊस आणि गावातल्या दोन-तीन विहिरींची मोजलेली पातळी एवढे पुरते. सात मुद्दे सांगितले, तर विरोधक त्यांतला सर्वांत कच्चा मुद्दा पकडून उरलेले सहाही बुडवतो.

क्रमासाठी अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाचे ॲलन मन्रो यांनी १९३० च्या दशकात मांडलेली पाच पायऱ्यांची रचना उपयोगी पडते: लक्ष वेधणे, गरज दाखवणे, उपाय सांगणे, त्याचे परिणाम डोळ्यांपुढे उभे करणे आणि कृतीचे आवाहन. आपल्या विषयात गरज पटवायला फार वेळ लागत नाही, कारण टँकरची वाट पाहिलेल्या माणसांना टंचाईचे वर्णन ऐकवण्यात अर्थ नसतो. वेळ उपायावर आणि आक्षेपाच्या उत्तरावर खर्च करावा. आक्षेप उपायानंतर लगेच घ्यावा. अगदी शेवटी घेतला, तर लोक तोच मनात धरून घरी जातात.

सुरुवात सर्वांत शेवटी लिहावी. व्यासपीठावरील प्रत्येकाचे नाव आणि पद घेण्याची आपली रीत पहिली दोन मिनिटे खाते, आणि नेमकी तीच मिनिटे लोक लक्ष देऊन ऐकत असतात. सरपंच आणि ग्रामस्थ यांना एका वाक्यात नमस्कार करून थेट विहिरीच्या पातळीवर यावे. शेरोशायरी टाळलेलीच बरी. आठ मिनिटांपेक्षा जास्त बोलू नये. सावकाश बोलल्यास तेवढ्या वेळात आठशे-नऊशे शब्द होतात. भाषण पाठ करू नये, मात्र पहिले वाक्य, हिशेबाचे आकडे आणि शेवटची मागणी शब्दशः पक्की असावी. सराव मोठ्याने करावा आणि तो एखाद्या ऊस उत्पादक शेजाऱ्यासमोर केला, तर नवे आक्षेप आयतेच हाती लागतात.

एक गोष्ट भाषणाच्या बाहेरची आहे, पण तिच्यावाचून भाषण वाया जाऊ शकते. आपला विषय आधीच लेखी अर्ज देऊन सभेच्या विषयपत्रिकेत घालून घ्यावा, कारण तो आयत्या वेळच्या विषयांत गेला, तर पाळी येईपर्यंत निम्मी सभा उठलेली असते. महिला सभा ग्रामसभेच्या आधी होते. तिथे विषय मांडला, तर घरासाठी पाणी भरणाऱ्यांचा पाठिंबा मुख्य सभेत सोबत येतो. ठरावाचा मसुदा दोन-तीन ओळींत लिहून खिशात ठेवावा, सूचक आणि अनुमोदक आधीच ठरवावेत, त्यांतला एक बागायतदार असावा, आणि ठराव इतिवृत्तात लिहिला जात असताना त्यातली पंधरा दिवसांची मुदत गळलेली नाही ना, हे वाचून घ्यावे.